गाणें दुय्यम असतांना

बारावीचा निकाल लागला कीं आमच्यासारख्या प्राध्यापकाच्या घरास कांहीं दिवस धर्मशाळेची कळा येते. दूरचे आप्त, जुने विद्यार्थी, शेजारचे पेन्शनर आणि ज्यांचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नांव आठवत नाहीं असे गृहस्थ आपापल्या मुलामुलींना बरोबर घेऊन येतात आणि "चांगलें कॉलेज कोणतें?" असा एकच प्रश्न टाकतात. तीस वर्षांच्या अध्यापनांत या प्रश्नाचें एक उत्तर आमच्याजवळ घोटून तयार झालें आहे. विषय रसायनाचा असो, वाणिज्याचा असो, किंवा आमच्या स्वतःच्या इंग्रजी वाङ्मयाचा असो, तें थोड्याफार फरकानें सर्वांस लागू पडतें; आणि मंडळी चहा घेऊन समाधानानें, निदान समाधानाची मुद्रा धारण करून, परत जातात. गेल्या वर्षीं मात्र खुद्द आमच्या भाचीनेंच असा प्रश्न पुढें केला कीं, त्याच्यापुढें तें घोटीव उत्तर निरुपयोगी ठरलें. तिला शिकावयाचें होतें संख्याशास्त्र. पण सोडावयाचें नव्हतें गाणें.

या वाक्यांतील 'शिकणें' आणि 'सोडणें' या दोन क्रियापदांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. गायिकाच व्हावयाचें असें जिनें ठरविलें तिची वाट अवघड खरी, पण ती वाट आहे. तिनें गुरु शोधावा. पदवीहि हवी असेल तर १९८७ सालीं पुणें विद्यापीठांत स्थापन झालेल्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणीं जावें. ज्याला गाणें केवळ ऐकावयास हवें त्याची वाट तर त्याहून सोपी. डिसेंबरांत सवाई गंधर्व महोत्सवाचें तिकीट काढलें कीं त्याचें भागतें. अडचण होते ती या दोहोंच्या मधल्या माणसाची. ज्यानें आठ-दहा वर्षें गळा घासला आहे, ज्याला चार राग मांडतां येतात, ज्याच्या पोटाचा धंदा दुसराच असणार हें ठरलेलें आहे, आणि तरीहि ज्याचा दिवस तंबोरा जुळविल्यावांचून उगवत नाहीं, असा हा माणूस. तो आपल्या समाजांत दुर्मिळ नाहीं. मैफलीच्या पहिल्या चार रांगा बहुधा अशाच माणसांनीं भरलेल्या असतात. पण महाविद्यालयाच्या माहितीपत्रकांत त्याच्यासाठीं रकाना नसतो. अलीकडे कोठें कोठें असतो, आणि तो असल्यामुळेंच अधिक घोटाळा होतो.

आमची धाकटी बहीण सांगलीस असते. तिची ही मुलगी वयाच्या आठव्या वर्षापासून तेथील एका बाईंकडे शिकते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणून रुजविली आणि मिरजेस शिष्यांना ती दिली. त्या वेलीची ही एक लहानशी, फारशी कोणास ठाऊक नसलेली फांदी. बाई ना रेडिओवर गाजल्या, ना त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. पण बंदिशीची अस्ताई आणि अंतरा त्या ज्या नेटकेपणानें घोटून घेतात, समेवर येतांना शब्द मोडूं देत नाहींत, तें पाहिलें म्हणजे शिकविणें हा आमचाहि धंदा आहे हें सांगावयास संकोच वाटतो. त्यांचें वय आज चौऱ्याहत्तर आहे. हा आंकडा पुढील सर्व हिशेबांत लक्षांत ठेवावयाचा आहे.

आमच्या मेहुण्यांचें मत अगदीं स्पष्ट होतें. ते बँकेंत अधिकारी आहेत आणि "एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण त्यांच्या तोंडीं नेहमीं असते. मुलगी हुषार आहे, तिनें पुण्यास यावें, मामाच्या घरीं राहावें, नामांकित महाविद्यालयांतून संख्याशास्त्राची पदवी घ्यावी, आणि गाणें सुटींत म्हणावें. ते गाण्याचे द्वेष्टे नाहींत. उलट मुलीच्या प्रत्येक परीक्षेला तेच तिला मोटारीनें घेऊन गेले आहेत. पण गाणें हें जिन्नस बांधून ठेवून सवडीनें उघडतां येतें, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे; आणि ही समजूत त्यांची एकट्याची नाहीं.

आमच्या बहिणीला या गोष्टीचा अनुभव होता. ती स्वतः गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झालेली. १९९१ सालीं ती शिक्षणासाठीं परगांवीं एका वसतिगृहांत राहावयास गेली. एका खोलींत चौघी. रात्रीं नऊनंतर शांततेचा नियम, पहाटे सहापर्यंत तोच नियम, आणि सहा वाजतां न्हाणीघरापुढें रांग. तंबोरा अर्थात् घरीं गवसणींत राहिला. पहिल्या दिवाळीस ती घरीं आली तेव्हां तासभर गायली. दुसऱ्या दिवाळीस वरचा षड्ज डळमळूं लागला होता. तिसऱ्या दिवाळीस तिनें गवसणी काढली नाहीं. गाणें सोडण्याचा असा कोणताहि दिवस तिच्या आयुष्यांत आला नाहीं. तिला कोणी गाऊं नको म्हणालें नाहीं, तिनेंहि तसें ठरविलें नाहीं. तोच मिरजेचा तंबोरा आज तिची मुलगी वापरते. मेहुण्यांनीं "सुटींत म्हणावें" असें म्हटल्याबरोबर बहीण उठून स्वयंपाकघरांत गेली, यावरून आम्हांस जें समजावयाचें तें समजलें, आणि हा प्रश्न चहाबरोबर सुटणारा नाहीं अशी खात्री पटली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें विद्यार्थ्यास मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय घेण्याची मुभा दिली. विज्ञानाच्या विद्यार्थिनीनें संगीत घ्यावें ही गोष्ट आमच्या विद्यार्थिदशेंत कोणी अर्जांत लिहिली असती तर कारकुनानें तो अर्ज हंसून परत दिला असता. ती आतां कागदावर तरी शक्य झाली आहे. आम्ही स्वतः अभ्यासक्रमाच्या समित्यांवर बसलों असल्यामुळें या कागदाचें गणित आम्हांस ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यांत तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक धरले असून त्यांपैकीं २४ गौण विषयाचे आहेत. विद्यापीठागणिक हे आंकडे थोडेबहुत बदलतात. पण एक श्रेयांक म्हणजे सत्रांत वर्गाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास, हें माप कायम आहे. समजा, २४ पैकीं निम्मे श्रेयांक प्रात्यक्षिकास दिले; तर तीन वर्षांत मिळून गाण्याचे ३६० तास झाले. घरीं रोज एक तास रियाज करणारी मुलगी तेवढे तास एका वर्षांत पुरे करते. शिवाय हे ३६० तास तिच्या एकटीचे नव्हेत. वर्गांत वीस जण असले तर प्रत्येकाच्या गळ्याच्या वांट्यास तासाचीं तीन मिनिटें येतात, आणि त्यांतलें एक मिनिट पेटीचा सूर कोणता धरावा यांत जातें.

हा हिशेब घेऊन आम्ही भाचीसह मुंबईचें एक महाविद्यालय पाहून आलों, कारण तेथें संख्याशास्त्राबरोबर संगीत हा गौण विषय मिळत होता. माहितीपत्रकांत तंबोऱ्याचें रंगीत चित्र होतें. प्रत्यक्षांत संगीताची खोली टेबलटेनिसच्या खोलीस लागून होती, आणि मधली भिंत लाकडी होती. शिकविणारे गृहस्थ चांगले तयार होते. पण ते तासिका तत्त्वावर नेमलेले, लोकलनें तीन महाविद्यालयें फिरून तास घेणारे, आणि पुढील वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें त्यांचें त्यांनाच माहीत नव्हतें. तबल्याच्या साथीदाराची जागा रिकामी होती. आमच्या भाचीनें त्यांना भूपाची एक बंदिश म्हणून दाखविली. त्यांनीं डोळे मिटून ऐकली, आणि आम्ही निघतांना जिन्यापर्यंत येऊन म्हणाले, "सर, येथें हिला नवें फारसें मिळणार नाहीं. आहे तें विसरणार नाहीं, एवढी हमी देतों." इतका सरळ मनुष्य आम्हांस त्या साऱ्या प्रवेशाच्या धामधुमींत दुसरा भेटला नाहीं. संगीताचा विषय जेथें आहे तेथें जाणाऱ्या पालकांनीं शिकविणारा कोण, तो कायम आहे कीं तासिकेवरचा, साथीला कोण आहे, आणि तास दिवसाच्या कोणत्या वेळीं आहे, हें विचारावें. चित्रांतला तंबोरा मोजूं नये.

पुण्याच्या महाविद्यालयांत संगीत हा विषय नव्हता; पण तेथील सांस्कृतिक मंडळाचा मोठा लौकिक. प्राचार्यांच्या खोलीबाहेर करंडकांनीं भरलेलें कांचेचें कपाट आहे आणि तें दाखविल्यावांचून पाहुण्यास पुढें जाऊं देत नाहींत. मेहुण्यांना हें कपाट फार आवडलें. "येथें गाण्याची हौस आपोआप भागेल," असें ते म्हणाले. फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धांतून मुलांची कल्पकता फुलते, त्यांना संघांत वागण्याचें वळण लागतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे आणि त्याबद्दल आमचा आदर आहे. पण स्पर्धेचें गाणें तें वेगळें. तें टाळ्यांच्या बेतानें बांधलेलें असतें. त्याच्या तालमी रात्रीं उशिरापर्यंत चालतात. आणि रात्रीं बारा वाजतां आरडाओरड करून घरीं आलेल्या गळ्यास पहाटे खर्ज लावावयास सांगणें म्हणजे मार खाल्लेल्या बैलास पुन्हा जुंपणें होय. ज्याला गाणें राखावयाचें आहे त्यानें अशा मंडळापासून पहिलें वर्ष तरी दूर राहावें, असें आमचें मत आहे. आमचे विद्यार्थी हें वाचतील तर रागावतील.

याहूनहि मोठी गोष्ट पुण्याच्या वेळापत्रकांत निघाली. सकाळीं आठ वाजतां पहिला तास. प्रात्यक्षिकें धरून चार वाजेपर्यंत महाविद्यालय. जाण्यायेण्यांत दोहों वेळचा मिळून दीड तास. म्हणजे गाण्यास उरली ती संध्याकाळ. मेहुणे म्हणाले, "संध्याकाळ काय थोडी आहे? पांच ते नऊ चार तास झाले." बँकेच्या हिशेबानें तें बरोबर होतें. पण हिंदुस्थानी संगीतांत सगळे तास सारख्या किंमतीचे नसतात. तोडी सकाळची, सारंग भर दुपारचा, मुलतानी दुपार कलतांनाची, यमन दिवेलागणीचा. हा समयाचा नियम सोवळ्यानें पाळावा कीं नाहीं यावर वाद घालणारे घालोत, कर्नाटक पद्धतींत तो इतका कडक नाहीं हेंहि खरें. पण शिकविणाऱ्यांच्या घरीं तो अद्याप चालतो. सकाळीं आलेल्या शिष्यास गुरु सकाळचा राग सांगतो आणि संध्याकाळीं आलेल्यास संध्याकाळचा. तेव्हां जी मुलगी तीन वर्षें फक्त संध्याकाळींच मोकळी असेल ती यमन शिकेल, पूरिया शिकेल, बिहाग शिकेल; तिचा भैरव, तिची जौनपुरी आणि तिची तोडी महाविद्यालयाच्या पहिल्या तासाखालीं गाडली जाईल. महाविद्यालयाचें वेळापत्रक बनविणाऱ्या उपप्राचार्यांना आपण कोणाचे राग ठरवीत आहों याची कल्पनाहि नसते. आम्ही स्वतः हें काम कित्येक वर्षें केलें आहे. त्यांत खोल्या मोजाव्या लागतात, प्रहर नव्हेत. मुंबईच्या त्या महाविद्यालयांत संगीताचा तास दुपारीं सव्वादोनला होता, आणि अभ्यासक्रमांत राग नेमला होता भैरव.

यावर कोणी म्हणेल कीं, गाण्यासाठीं एवढें करावयाचें तर दुसरें शिक्षण घ्यावेंच कशाला? पण दोन्ही गोष्टी साधलेलीं माणसें आपल्याकडे झालीं आहेत, आणि हिंदुस्थानी संगीताचा अर्वाचीन इतिहास त्यांच्यापैकीं एकापासून सुरू होतो. विष्णु नारायण भातखंडे १८८५ सालीं पदवीधर झाले, १८८७ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, आणि पुढें मुंबईस व कराचीस वकिली केली. महाविद्यालयांत त्यांना संगीत कोण शिकविणार? त्या काळीं तो विषयच नव्हता. पण १८८४ पासून ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळींत जात असत. पारशी गृहस्थांनीं १८७० सालीं काढलेली ही संस्था. तेथें रावजीबुवा बेलबागकर आणि अलीहुसेन खां यांसारख्यांकडून त्यांनीं धृपदें आणि ख्याल घेतले. म्हणजे पदवी एका दारीं आणि विद्या दुसऱ्या दारीं. दोन्ही दारें एकाच शहरांत असल्यामुळें तें जमलें. पुढें याच वकिलाच्या हातून लखनौचें मॅरिस कॉलेज १९२६ सालीं उभें राहिलें आणि संगीतासहि 'कॉलेज' हें नांव चिकटलें. त्यांचे समकालीन विष्णु दिगंबर पलुसकर यांची गोष्ट उलट. कुरुंदवाडच्या या मुलाच्या डोळ्यांस लहानपणीं दारूकामानें इजा झाली, शाळा सुटली, आणि तो मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गेला. त्याला गाणें दुय्यम ठेवण्याची सवडच दैवानें दिली नाहीं. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें तें गाणें हाच ज्यांचा धर्म अशांसाठीं. आज आपण या दोघांच्या संस्थांचीं नांवें एका दमांत घेतों. पण आमच्या भाचीसारखीनें पाहावयाचें तें भातखंड्यांकडे.

नजीकच्या काळांतहि उदाहरणें आहेत. प्रभाताई अत्रे या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या विज्ञानाच्या पदवीधर, त्यावर पुण्यांतच कायदा शिकलेल्या; पण त्यांच्या गुरु हिराबाई बडोदेकर यांचें घरहि त्याच पुण्यांत होतें. अश्विनी भिडे-देशपांडे यांनीं जीवरसायनशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली ती भाभा अणुसंशोधन केंद्रांत. आणि त्यांची गुरु तर घरांतच होती, कारण माणिक भिडे ही त्यांची आई. वामनराव देशपांडे हिशेबतपासनीस म्हणून जगले, आणि १९६१ सालीं त्यांनीं 'घरंदाज गायकी' हें जें पुस्तक लिहिलें तें व्यावसायिक गवयांनाहि मानावें लागलें. अशा कीर्तिमान माणसांचीं नांवें सांगून मुलांना घाबरविणें आम्हांस पसंत नाहीं. आमची भाची यांच्यापैकीं कोणी होईल असें तिलाहि वाटत नाहीं. आम्ही फक्त एवढेंच पाहत होतों कीं, यांतील कोणाचेंहि संगीत महाविद्यालयाच्या माहितीपत्रकांतून आलेलें नव्हतें, आणि कोणाच्याहि महाविद्यालयानें त्यांना गुरूपासून दूर नेलें नव्हतें.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. विदर्भांतील पुष्कळ महाविद्यालयांतून संगीत हा कला शाखेच्या पदवीचा एक विषय म्हणून कित्येक वर्षें चालत आला आहे, आणि ज्या गांवांत दुसरा कोणी शिकविणारा नाहीं तेथें त्या वर्गानें अनेकांना, विशेषतः मुलींना, गाण्याचें दार उघडून दिलें आहे. घरीं गाण्यास नाक मुरडणारा बाप 'विषय आहे' म्हटल्यावर गप्प बसतो. ज्याला गुरु नाहीं त्यानें महाविद्यालयांतला संगीताचा वर्ग अवश्य शोधावा, आणि त्यासाठीं बाकीच्या सोयी थोड्या कमी असल्या तरी चालवून घ्यावें. जिला गुरु आहे तिचा हिशेब निराळा. आम्ही येथें तिच्याविषयीं लिहीत आहों.

परीक्षांचें प्रकरणहि आम्हांस तपासावें लागलें. २०१७ पासून शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावींत वाढीव गुण मिळूं लागले, आणि गाण्याच्या वर्गांत एकाएकीं गर्दी झाली. बाईंकडे नववीच्या अकरा मुली होत्या. अकरावींत दोन उरल्या. आमची भाची त्या दोघींपैकीं एक. तिला आतां विशारद व्हावयाचें आहे. आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे व नोव्हेंबर-डिसेंबर या हंगामांत येतात, म्हणजे विद्यापीठाच्या सत्रपरीक्षा ज्या सुमारास येतात नेमक्या त्याच सुमारास. एका सुज्ञ शेजाऱ्यांनीं सुचविलें कीं, विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ पासून एकाच वेळीं दोन पदव्या घेण्याची परवानगी दिली आहे. तेव्हां संख्याशास्त्राची पदवी वर्गांत बसून आणि संगीताची दूरशिक्षणानें, असें करावें. हें ऐकून मेहुण्यांचे डोळे चमकले, कारण एका मुलींत दोन प्रमाणपत्रें निघतील. मुलगीच म्हणाली, "मामा, मग परीक्षा किती होतील?" आम्हीं मोजून सांगितल्या. त्यानंतर तो विषय कोणीं काढला नाहीं.

सांगलींतील महाविद्यालय आम्हीं शेवटीं पाहिलें, तें पाहणें आमच्या मेहुण्यांस औपचारिक वाटत असतांना. तेथें करंडकांचें कपाट नाहीं. संख्याशास्त्र विभागांत दोनच शिक्षक. पण त्यांतले एक अद्याप फळ्यावर स्वतः उदाहरण सोडवितात, यंत्रास विचारून मोकळे होत नाहींत. विज्ञान शाखेचे तास अकरा ते पांच. बाईंचें घर पायीं दहा मिनिटांवर. संगीत गौण विषय म्हणून मिळतें का असें विचारतां कचेरींतील गृहस्थांनीं आमच्याकडे सहानुभूतीनें पाहिलें आणि संख्याशास्त्राबरोबर गणित, पदार्थविज्ञान किंवा संगणक घेतां येईल असें सांगितलें.

मग आम्ही बाईंना भेटलों. त्यांनीं मुलीला थांबवून घ्यावी अशी आमची अपेक्षा होती. ती त्यांनीं पुरी केली नाहीं. त्या म्हणाल्या, "पुण्यास जात असेल तर चांगलेंच. तेथें मोठमोठे लोक आहेत. नवा गुरु आवाजाची फेंक बदलील, वर्षभर षड्जावर बसवील, तें तिनें सोसावें. फक्त माझ्याकडून तिची तोडी राहिली आहे, आणि बिलासखानीला तर मीं अजून हातहि लावला नाहीं." मेहुणे व्यवहारी. त्यांनीं सुचविलें कीं, बाईंनीं उरलेले राग आणि बंदिशी मोबाइलवर गाऊन ठेवाव्या. मुलगी पुण्यास बसून ऐकेल. बाई हंसल्या. "ठेवीन कीं. त्यांत मी कोठें चुकलें तें तिला ऐकूं येईल. ती कोठें चुकली तें कोण ऐकणार?" मेहुणे कांहीं बोलले नाहींत. परत येतांना मोटारींत त्यांनीं बाईंचें वय आम्हांस विचारलें, आणि आम्हीं सांगितल्यावर पुन्हा एकदां विचारलें.

निर्णय मुलीनें केला. आमच्या मतें तो बरोबर होता, जरी ती आमच्या घरीं राहावयास आली असती तर आमच्या घराला बरेंच वाटलें असतें. तीन वर्षें सांगलीस, त्यानंतर एम्. एस्सी.साठीं पुण्यास यावें लागेल, आणि तेव्हां हाच प्रश्न पुन्हा उभा राहील हें सर्वांस कळतें. मेहुण्यांनीं अट घातली कीं, पहिल्या दोन सत्रांचे गुण पाहून फेरविचार व्हावा. ती मुलीनें मान्य केली आणि बहिणीनें मान्य केली नाहीं. प्रवेशाच्या अर्जांत गौण विषयाच्या रकान्यांत तिनें गणित लिहिलें. तीन वर्षांनीं जी गुणपत्रिका हातीं येईल तिच्यावर संगीत हा शब्द कोठेंहि असणार नाहीं. सकाळीं साडेसहा ते आठ ती बाईंकडे असते. गेल्या आषाढांत बाईंनीं तोडी सुरू केली. तिचा गांधार अद्याप मनासारखा लागत नाहीं, असें बाईंचें म्हणणें आहे.